बाकावरचं द्विवचन

आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणाचा गैरसमज नको. आमच्या गावच्या नदीकाठच्या बाकावर जे कोरलंय, ते व्याकरणदृष्ट्या चूक आहे. मला माहीत आहे. मी एकतीस वर्षं स्लोव्हेनियन भाषेचा मुद्रितशोधक होतो. जिल्ह्याच्या वर्तमानपत्रातला एकही स्वल्पविराम माझ्या नजरेखालून गेल्याशिवाय छापला जात नसे. भाजीबाजारात, दवाखान्यात, अगदी चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना कानाशी येऊन ती चूक मला दाखवणाऱ्या सर्व सज्जनांचा मी आभारी आहे. पण आता पुरे.

चूक काय ते समजायला थोडं व्याकरण लागेल. घाबरू नका, थोडंच आहे. जगातल्या बहुतेक भाषांना दोनच वचनं असतात, एक आणि अनेक. म्हणजे एक माणूस, आणि त्यानंतर एकदम जत्रा. आमच्याकडे मात्र मधे एक खोली काढलेली आहे. दोन माणसं असली की द्विवचन. 'आम्ही आहोत' म्हणायचं तर दोघं असू तेव्हा 'स्वा', आणि तिघांपासून पुढे 'स्मो'. क्रियापदाचं शेपूटही त्याबरहुकूम बदलतं. संस्कृतातसुद्धा द्विवचन होतं म्हणतात, पण नातवंडापतवंडांनी ते अडगळीत टाकलं. आम्ही जेमतेम वीस लाख लोक, पण रोज घासूनपुसून वापरतो. याचा अभिमान वाटायला हरकत नाही असं माझं मत आहे. हिंदुस्थानात म्हणे असेही लोक आहेत, ज्यांच्याकडे समोरच्याला धरून वेगळं 'आपण' असतं आणि त्याला वगळून वेगळं 'आम्ही' असतं. 'आम्ही जेवायला चाललो' म्हटलं की समोरच्यानं ओळखायचं, आपल्याला आमंत्रण नाही. केवढा हा उद्धटपणा! आणि खरं सांगायचं तर, केवढी ही सोय!

तर माझी बायको बिसेर्का. ती वाराझ्दिनची. म्हणजे सीमेपलीकडची, क्रोएट. गाडीनं पाऊण तासाचं अंतर, भाषाही बहिणीबहिणीच, पण त्यांच्याकडे द्विवचन नाही. लग्नाला अडतीस वर्षं झाली, तरी बिसेर्का सगळीकडे आपलं 'स्मो'. "आम्ही जेवलो", स्मो. "आम्ही झोपतो", स्मो. घरात आम्ही दोघं आणि एक भिंतीवरचं घड्याळ, आणि ही बोलते असं की जसं काही पलंगाखाली कुणी तिसरं राहतंय. मी प्रत्येक वेळी सांगायचो. रागावून नव्हे हो. सवयीनं. माणूस रस्त्यातली केळीची साल बाजूला करतो ना, तसं.

मार्चमध्ये माझं पित्ताशय बिघडलं. भर दुपारी इस्पितळात नेलं. मी ढकलगाडीवर आडवा, तोंडावर प्राणवायूचा मुखवटा, आणि बिसेर्का डॉक्टरचा हात धरून रडत म्हणाली, "डॉक्टर, आम्ही फार घाबरलोय हो." स्मो म्हणाली. मी मुखवटा वर केला आणि म्हणालो, "स्वा."

"काय म्हणतायत हे?" डॉक्टर म्हणाले.

"स्वा," मी म्हणालो. "घाबरलेली माणसं दोनच आहेत."

डॉक्टरांनी कागदावर 'रुग्ण भ्रमात' असं लिहिलं आणि मेंदूचा फोटो काढायला पाठवलं. त्यात ऑपरेशन दोन तास लांबलं. घरी आल्यावर चौथ्या दिवशी माझ्यापुढे गाजराचं सूप ठेवताना बिसेर्का बोलली.

"त्सिरिल, अडतीस वर्षं मी तोंड उघडलं की तू लाल शाईची बाटली उघडतोस. मी तुझ्यासाठी रडत होते रे. रडतानासुद्धा? आता बास. तुझं पथ्य संपेपर्यंत मी आहे. सप्टेंबरात ल्येर्का गाडी घेऊन येईल, मी तिच्याकडे राहायला जाणार. कायमची. तिथे मी बोलले की माणसं ऐकतात तरी."

ल्येर्का म्हणजे तिची थोरली बहीण, माझी आकडसासू. वाराझ्दिनला मोठ्या घरात एकटी राहते. बिसेर्काच्या त्या बोलण्यात व्याकरणाच्या दोन ठळक चुका होत्या. मी एकही काढली नाही. एवढा मी घाबरलो होतो.

आता काय करावं? खालच्या मजल्यावरच्या ओतिलियाबाईंना विचारलं. त्या निवृत्त पोस्टमन, म्हणजे पोस्टवूमन. गावातलं कुणाचं काय चाललंय ते त्यांना पाकिटाच्या जाडीवरून कळायचं.

"फुलं द्या," त्या म्हणाल्या.

"दिली. म्हणाली, पाणी तूच बदल."

"मग सहलीला न्या."

"म्हणाली, निघालेच आहे सप्टेंबरात."

"मग गप्प बसा," ओतिलियाबाई म्हणाल्या. "पेतेलिन्शेकसाहेब, तुम्ही गप्प बसलेले आजवर कुणी पाहिलेले नाहीत. तेवढं एक करून बघा."

हा सल्ला मला अपमानास्पद वाटला. आणि त्याच तिरमिरीत मला बाकाची कल्पना सुचली. सप्टेंबरच्या चौदा तारखेला आमच्या पहिल्या भेटीला चाळीस वर्षं होत होती. द्रावा नदीच्या काठी, जिथे भेटलो तिथेच, बाक बसवायचा. पाठीवर पितळी पाटी: 'इथे आम्ही भेटलो. बिसेर्का आणि त्सिरिल.' तिला तिथे नेऊन बसवायचं. माझ्या हातून शाईबिईशिवाय काही झालेलं तिनं आजवर पाहिलंच नव्हतं.

भेट कशी झाली तेही सांगायला हवं, कारण पुढे त्याचा संबंध येतो. बिसेर्का वाराझ्दिनच्या गायकवृंदाबरोबर आली होती आणि तिची बस चुकली होती. काठावर एका दगडावर बसली होती, मोजे काढून. मी शिष्टाचारानं विचारलं, "बाई, तुम्ही त्रुदना आहात का?" आमच्या भाषेत त्रुदना म्हणजे दमलेली. तिच्या भाषेत गरोदर. तिनं उठून माझ्या श्रीमुखात भडकावली. शेजारी लोव्रेंत्स नावाचा आमच्याच गावचा इसम गळ टाकून बसला होता. त्यानं पलीकडे सैन्यात नोकरी केलेली, त्याला दोन्ही अर्थ ठाऊक. हसून हसून त्याचा गळ पाण्यात गेला, आणि मग त्यानं तिला समजावून सांगितलं. ही झाली आमची ओळख.

पालिकेत रीतसर अर्ज केला. विषय लिहिला: 'द्रावाकाठी क्लोप'. इथे माझं नशीब आडवं आलं. क्लोप म्हणजे बाक, आणि क्लोप म्हणजेच गोचीडही. वाक्यात वापरला की विभक्तीवरून लगेच कळतं, शाळकरी मुलालाही कळेल. पण विषयाच्या ओळीत शब्द एकटा पडतो, आणि पालिकेत विषयाच्या ओळीखाली वाचायची पद्धत नाही. अर्ज गेला आरोग्य खात्यात. आठवड्यानं एका बाईंचा फोन आला.

"द्रावाकाठच्या क्लोपबद्दल तुम्हीच लिहिलंय ना? किती आहेत?"

"एकच," मी म्हणालो.

"एकच? बरं. साधारण आकार?"

"दोन माणसं ऐसपैस बसतील एवढा."

"त्याच्यावर?"

"मग कशावर?"

"साहेब, तो आत्ता आहे कुठे?"

"अजून कुठेच नाही. तुम्ही परवानगी दिलीत की बसवतो. ओकच्या लाकडाचा करायचा विचार आहे. म्हणजे दहाबारा वर्षं मरण नाही."

बाईंनी फोन आदळला. तिसऱ्या दिवशी पिवळ्या पोशाखातली चार माणसं पाठीवर टाक्या लावून आली आणि नदीकाठ या टोकापासून त्या टोकापर्यंत फवारून गेली. मासेमारी पंधरा दिवस बंद. काठावर लाल पाटी लागली: 'सावधान, क्लोप!' गावातल्या लोकांनी मधल्या काळात पेट्रोलपंपाजवळच्या जुन्या बाकांवर बसायचंही सोडून दिलं. लोव्रेंत्स रस्त्यात भेटला तेव्हा गळ माझ्या नाकासमोर हलवून म्हणाला, "त्सिरिल, मी तुझं काय वाईट केलं रे?"

मी पालिकेत जाऊन खिडकीतल्या बाईंना शांतपणे समजावलं की चौथ्या ओळीत मी हाच शब्द कर्म म्हणून वापरलाय, आणि तो सजीव असता तर त्याला शेवटी प्रत्यय लागला असता. लागलेला नाही. म्हणजे तो निर्जीव आहे. म्हणजे बाक. बाई म्हणाल्या, "साहेब, तुमच्या मागे नऊ माणसं आहेत." मी मागे बघून मोजली. आठच होती. तेही सांगितलं. त्यामुळे असेल, माझी फाईल उन्हाळाभर हलली नाही.

इकडे बिसेर्का जॅमच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होती. काही बाटल्यांवर 'घर', काहींवर 'ल्येर्का'. रोज ल्येर्काची रांग लांब होत होती. मी दिवसाकाठी चारपाच चुका गिळत होतो. पित्ताशय नसलेल्या माणसाला ते फार जड जातं.

ऑगस्ट संपता संपता एकदाची परवानगी आली. सुतारानं बाक वेळेत दिला. पाटीचं काम फेर्दोकडे. फेर्दोचा मुख्य धंदा थडग्यांचे दगड कोरायचा, त्यामुळे त्याचं बोलणं थोडं त्या अंगानं जातं.

"तारीख एकच टाकायची?" त्यानं विचारलं. "पुढे जागा सोडू का दुसऱ्या तारखेला? मागाहून पाटी काढायला त्रास होतो, आणि त्या वेळी घरचे रडत असतात."

"एकच," मी म्हणालो आणि मजकुराचा कागद त्याच्या हातात दिला. स्वतःच्या हातानं लिहिलेला. अशा कामात मी कुणावर विसंबत नाही.

दोन दिवसांनी त्यानं कच्ची पाटी दाखवली आणि माझं डोकं फिरलं. तारीख! १४.९.१९८५, सगळी एकमेकांना चिकटून. आमच्यात टिंबानंतर जागा सोडतात. १४, टिंब, जागा, ९, टिंब, जागा. हे जर्मन लोकांसारखं कोंबून बसवायचं नसतं. फेर्दो म्हणाला, मेलेल्या माणसांनी आजवर तक्रार केलेली नाही. मी म्हणालो, मी जिवंत आहे. पाऊण तास आम्ही त्या दोन जागांवरून भांडलो. शेवटी जिंकलो मी. त्याच आनंदात मी खिशातून माझा जुना शिक्का काढला आणि कागदावर दणकन् मारला: 'तपासले. निर्दोष.' निवृत्तीनंतर तो शिक्का मी प्रथमच वापरत होतो. अंगावर काटा आला.

बुधवारी पालिकेच्या माणसांनी बाक बसवला. गुरुवारी सकाळी कचरा टाकायला खाली उतरलो तर ओतिलियाबाई दारातच.

"पेतेलिन्शेकसाहेब," त्या हळूच म्हणाल्या, "तिसरा कोण हो?"

"कुठला तिसरा?"

"मी कुणाला बोलणार नाही. पोस्टात चौतीस वर्षं काढलीत मी. पण लिहिलंय तसं बाकावर."

मी घरातल्या चपलांवरच नदीकडे धावलो. पाटी उन्हात लखलखत होती. तारखेतल्या दोन्ही जागा अशा सुरेख सोडल्या होत्या की पाहत राहावं. आणि त्यांच्या वर, बोटभर उंच अक्षरांत: 'स्मो'. इथे आम्ही भेटलो, म्हणजे तिघं, चौघं, कितीही. खाली नावं दोनच. पाटी वाचणाऱ्या कुठल्याही सुशिक्षित स्लोव्हेनियन माणसाला स्वच्छ कळत होतं की आणखी कुणीतरी होतं आणि त्याचं नाव आम्ही लपवलंय.

मी फेर्दोला फोन केला. दुकान बंद, फोन बंद. शेजारच्यानं सांगितलं, द्राक्षं तोडायला बहिणीच्या मळ्यात गेलाय, रविवारी येईल. मी त्याच्या फोनवर नऊ निरोप ठेवले. पहिला सभ्य होता. नवव्यात मी त्याला अडाणी, दगडफोड्या आणि राष्ट्राच्या भाषेचा मारेकरी म्हटलं. रविवार म्हणजेच चौदा तारीख. पाटी चार दाबून बसवलेल्या खिळ्यांनी ठोकलेली, पक्कडीनंही हलेना. वर कागद चिकटवला तर पोरं फाडणार आणि लोक मुद्दाम थांबून वाचणार. मग एकच उपाय उरला. मी बाकावर बसलो आणि पाठ पाटीला टेकवली.

गुरुवार, शुक्रवार, शनिवार मी तिथे बसून होतो. सकाळी सातला हजर, अंधार पडला की घरी. डबा घ्यायचो, घरून निघताना ग्रंथालयात चाललो म्हणायचो. लोक फिरायला यायचे, माझ्याभोवती घोटाळायचे, मान वाकडी करून माझ्या खांद्याच्या मागे बघायचे.

"जरा पुढे वाकता का?"

"नाही."

"पाठ दुखते का?"

"हो."

शुक्रवारी लोव्रेंत्स आला. दाढी केलेली, कोट घातलेला, हातात शेवंतीची फुलं. माझ्याशेजारी बसला आणि डोळे पुसत म्हणाला, "त्सिरिल, मला वाटलं होतं तू मला विसरलास. अडतीस वर्षं लग्नाच्या वाढदिवसाला कधी बोलावलं नाहीस. पण मनात ठेवलं होतंस. स्मो!"

"अरे, ती छपाईची चूक आहे!"

"असू दे, असू दे. तू लाजू नकोस. मी नसतो तर ती थोबाडीत देऊन निघून गेली असती का नाही?"

व्याकरणाच्या बाजूनं त्याचा मुद्दा अभेद्य होता. त्या जागी त्या वेळी प्राणी तीन होते. मुद्रितशोधक म्हणून मला मान्य करावं लागलं असतं. नवरा म्हणून मी ते साफ नाकारलं.

"तर माझं एवढंच म्हणणं आहे," लोव्रेंत्स म्हणाला, "की नाव टाकायचं तर पूर्ण टाका. आणि खाली एक मासा."

माझ्या दुर्दैवानं या सगळ्यात ओतिलियाबाईंना माझी दया आली. बिसेर्का घरात बांधाबांध करून थकली होती, पाटीचं तिला काहीच माहीत नव्हतं, मी दिवसभर गायब. तेव्हा मदत म्हणून ओतिलियाबाईंनी शनिवारी वाराझ्दिनला ल्येर्काला फोन केला. काय म्हणाल्या ते मला नंतर कळलं. म्हणाल्या, "उद्या याल तेव्हा सामान बिसेर्काला उचलू देऊ नका. ती फार त्रुदना आहे हो. दिसतंच तिच्याकडे बघून." आणि शुभवार्ता सांगावी तशा आवाजात पुढे म्हणाल्या, "आणि आता दोघं नाहीत, बरं का. तिघं आहेत. पेतेलिन्शेकसाहेबांनी नदीकाठी कोरूनच ठेवलंय."

रविवारी, चौदा तारखेला, चर्च सुटलं आणि अर्धं गाव नदीवर आलं. मी पाठ टेकवून बसलेलो. एका बाजूला लोव्रेंत्स कोटात, दुसऱ्या बाजूला ओतिलियाबाई, अक्रोडाची पोतित्सा, म्हणजे आमचा सणासुदीचा गोड पाव, ताटात घेऊन, कारण काहीतरी समारंभ होणार हे त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. तेवढ्यात वाराझ्दिनची गाडी गवतावरून थेट बाकापर्यंत आली. मागच्या सीटवर बिसेर्काची मोठी बॅग आणि जॅमच्या बाटल्या. ल्येर्का उतरली ती ओरडतच.

"अठ्ठावन्नाव्या वर्षी, त्सिरिल! लाज नाही वाटली?"

"कशाची?"

"आणि वर गावभर कोरून ठेवतोस! तिचं वय काय, रक्तदाब काय! तू व्याकरणातून डोकं वर काढलंस ते यासाठी?" असं म्हणून तिनं पर्समधून लोकरीचं एक पिवळं टोपडं काढून माझ्या अंगावर फेकलं. तेवढ्या वेळात विणलंही होतं. माझी आकडसासू फार कामसू बाई आहे.

मागून बिसेर्का उतरली. चेहरा लालभडक. "ही घरी आल्यापासून मी पाऊण तास हिला सांगतेय की मी फक्त दमलेय," ती म्हणाली. "त्सिरिल, हे काय चाललंय? कुठला बाक? कोण तिसरं? तू चार दिवस इथे बसून काय करतोयस?"

"तिसरा मी," लोव्रेंत्स उठून उभा राहिला आणि त्यानं तिला फुलं दिली.

गर्दीत टाळ्या पडल्या. मी बाकाला चिकटून होतो. आता उठलो तर सगळं संपलं, असं वाटत होतं. आणि नेमका त्याच वेळी गर्दीतून फेर्दो आला. हात द्राक्षांनी जांभळे, आणि डोळ्यांत रक्त. त्यानं मळ्यातून परतताना माझे नऊच्या नऊ निरोप ऐकले होते.

"अडाणी कोण?" तो म्हणाला. "दगडफोड्या कोण?"

"तू!" मी म्हणालो. लोकांसमोर आता मागे हटणं शक्य नव्हतं. "एक शब्द तुला नीट कोरता आला नाही! 'स्वा' दिलं होतं मी तुला. दोघांचं! माझ्या बायकोसाठी पाटी होती ती, फेर्दो! ती आज मला सोडून चाललीय, आणि तू तिथे गावजेवणाचं आमंत्रण कोरून ठेवलंस!"

मी हे बोलून गेलो. बिसेर्का माझ्याकडे बघत राहिली. फेर्दोनं खिशातून एक घडी घातलेला कागद काढला आणि माझ्या हातात दिला.

माझंच अक्षर. ठळक, गोल, डावीकडे समास सोडून. खाली निळा शिक्का: 'तपासले. निर्दोष.' आणि मधोमध, स्वच्छ, खाडाखोड न करता: 'स्मो'.

मी तीनदा वाचलं. मुद्रितशोधक तीनदा वाचतो. तीनही वेळा तेच होतं. ही चूक मी एकतीस वर्षांत केली नव्हती. ही तर माझी चूकच नव्हती, ती बिसेर्काची होती. तिची सकाळच्या कॉफीवरची चूक, फोनवरची, बाजारातली, झोपताना दिवा मालवतानाची. अडतीस वर्षं मी ती दारातून बाहेर काढत होतो, आणि कधी तरी मागच्या दारानं येऊन ती माझ्या हातात राहायला लागली होती. आम्ही म्हणजे कोण, हे मनापासून लिहायला बसलो तेव्हा हातानं तिचाच शब्द लिहिला. आणि मी तपासलं ते काय, तर टिंबानंतरची जागा. त्या क्षणी मला फार लाज वाटली, आणि खरं सांगतो, थोडं रडूही आलं.

मी उठलो. पाटी सगळ्यांना दिसली. कागद बिसेर्काला दिला.

"हे तू लिहिलंस?" तिनं विचारलं.

"हो."

"स्वतःच्या हातानं?"

"हो."

"ताप होता?"

"नव्हता. बिसेर्का, तू जाऊ नकोस. मला नाही राहता येणार."

तिनं कागद पुन्हा वाचला. तिची हनुवटी थरथरायला लागली. मला वाटलं रडतेय, पण ती हसत होती. चष्मा काढून, पोट धरून, ल्येर्काच्या खांद्यावर डोकं टेकून हसत होती. चाळीस वर्षांपूर्वी थोबाडीत दिल्यानंतर हसली होती, तशीच.

फेर्दो जरा वरमला. "दोन अक्षरांचं तर काम आहे," तो म्हणाला. "उद्या बदलून देतो. फुकट."

"खबरदार त्याला हात लावशील तर," बिसेर्का म्हणाली.

"आणि माझं नाव?" लोव्रेंत्स म्हणाला.

"गप रे तू."

ल्येर्का कमरेवर हात ठेवून उभी होती. "म्हणजे काय, येणार आहेस की नाहीस? माझी गाडी चालू आहे."

बिसेर्कानं कागदाची नीट घडी घातली, पर्समध्ये ठेवली आणि पर्स बंद केली.

"ल्येर्का, अडतीस वर्षं मी या माणसाला बोलायला शिकवतेय," ती म्हणाली. "आत्ता कुठे पहिला शब्द बरोबर लिहिलाय त्यानं. असा अर्धवट टाकून कशी येऊ?"

आणि तिनं गाडीचं मागचं दार उघडून स्वतःची बॅग स्वतःच खाली उतरवली.